बावीस प्रदर्शनं आणि रतिलालभाऊ

रतिलालभाऊ नक्की कोण, हे मला सोळा वर्षांत कुणी नीट सांगू शकलं नाही. त्यांना स्वतःला तर अजिबातच नाही. मी पिंप्राळ्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते आणि दर जानेवारीत जळगावच्या एका मोठ्या कृषी प्रदर्शनात चार दिवस माइकवर बोलते. सूत्रसंचालन म्हणतात त्याला. पहिल्या वर्षी मी तिथे गेले, तेव्हा स्टेजची पायरी हलत होती. समितीच्या एका सदस्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "रतिलालभाऊंना सांगा." पाणी नव्हतं. "रतिलालभाऊंना सांगा." उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांचं नावच कागदावर चुकलं होतं, तेही रतिलालभाऊंनाच सांगायचं होतं. शेवटी मी विचारलं, हे रतिलालभाऊ आहेत तरी कोण? त्या सदस्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "ते असतात."

असतात म्हणजे काय, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पंचेचाळिशीकडे झुकलेला, बारीक चणीचा माणूस, खिशात दोन पेनं, हातात फक्कीची पिशवी. ज्या पांढऱ्या पुडीने मैदानावर रेघा मारतात, ती. तीन एकर मोकळं मैदान हा माणूस पायांनी मोजायचा. स्टॉलची रुंदी चार पावलं, रस्ता अकरा पावलं, ट्रॅक्टरवाल्यांना तीस. नकाशा बिकाशा काही नाही. कोणाच्या शेजारी कोण नको, हेही सगळं डोक्यात. केळीच्या टिश्यू कल्चरची रोपं विकणारे दोघे समोरासमोर आले, की दिवसभर एकमेकांच्या गिऱ्हाइकांना हाका मारत बसतात. फवारणी पंपवाल्याचं प्रात्यक्षिक भरीत-भाकरीच्या स्टॉलच्या वाऱ्याकडच्या अंगाला नको. मुक्ताईनगरकडच्या बचत गटाच्या बायकांना गेटाजवळची जागा हवी, कारण त्यांची शेवटची बस साडेपाचला सुटते. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. रतिलालभाऊंना ताप आला असता, तर आमचं प्रदर्शन त्या वर्षी अंथरुणातच भरलं असतं.

मूळचे ते पारोळ्याचे. वडील बाजार समितीत मापाडी होते. भाऊ स्वतः बारावीला गणितात अडकले आणि पुढे शिक्षण म्हणून काही झालं नाही. पिंप्राळ्यात त्यांचं फवारणी पंपदुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि घर त्याच्याच मागे. प्रदर्शनाशी संबंध आला तो पहिल्याच वर्षी, दुरुस्त केलेला पंप एका स्टॉलवर पोहोचवायला गेले तेव्हा. गेटात दोन ट्रॅक्टर, एक टेम्पो आणि पाहुण्यांची गाडी अशी अडकली होती, की कोणाला पुढे काढावं हे कुणालाच सुचेना. यांनी पंप खाली ठेवला, टेम्पो मागे घ्यायला लावला, गाड्या मोकळ्या केल्या. कोणीतरी म्हणालं, "भाऊ, तिकडे पण जरा बघा ना." ते तिकडे बघायला गेले, ते बावीस वर्षं बघतच राहिले.

नेमणूक अशी कधी झालीच नाही. गळ्यात अडकवायचा बिल्ला दर वर्षी जो उरेल तो. एका वर्षी 'स्वयंसेवक', एका वर्षी 'मंडप', आणि एकदा बिल्ले संपले म्हणून चारही दिवस हा माणूस 'पत्रकार' म्हणून हिंडला. एका शेतकऱ्याने त्यांना बाजूला घेऊन कापसाच्या भावावर पाऊण तास बातमी सांगितली. यांनी ती ऐकून घेतली, वर दोन शंकाही विचारल्या. मी हसून हसून दमले.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी संघ निघाला.

मोठमोठ्या कृषी प्रदर्शनांच्या व्यवस्थापकांचा राज्यभराचा संघ. कुणाच्या डोक्यातून निघाला ठाऊक नाही, पण कल्पना वाईट नव्हती. लाखभर माणसं येतात, वीज असते, गॅस असतो, जनावरं असतात. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? म्हणून व्यवस्थापकांची नोंद, त्यांचं प्रशिक्षण, त्यांना ओळखपत्र. आमच्या समितीला हे इतकं आवडलं, की त्यांनी लगेच ठराव केला: पुढच्या जानेवारीपासून आपल्या प्रदर्शनाचा व्यवस्थापक संघाचा सभासद असला पाहिजे. नसेल, तर काम बाहेरच्या कंपनीला. ठराव करताना त्यांच्या लक्षातही आलं नसावं, की आपण रतिलालभाऊंबद्दल बोलतोय. रतिलालभाऊ तेव्हा त्याच खोलीत पंखा नीट करत होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते सभासदत्वाचा फॉर्म घेऊन माझ्या शाळेत आले.

"कामिनीताई, यामां मी कोठे बसस, तेवढं सांगा."

फॉर्मवर चौकोन होते. आयोजक, प्रायोजक, कंत्राटदार, कर्मचारी. मी वाचलं, पुन्हा वाचलं. आयोजक समिती. प्रायोजक कंपन्या. कंत्राट मंडपवाल्याचं. कर्मचारी ते नव्हते, कारण कोणी ठेवलंच नव्हतं.

"मग तुम्ही कोण आहात?" मी चिडून विचारलं. माझा स्वभावच तसा आहे, समजलं नाही की राग येतो.

"तेच तं इचारी राहिनू," ते म्हणाले.

खाली 'इतर' असा एक चौकोन होता, तिथे मी 'व्यवस्थापक' लिहून टाकलं. पुढे पुरावा मागितला होता. नेमणुकीचं पत्र? नाही. मानपत्र? नाही. कार्यक्रमपत्रिकेत नाव? बावीस पत्रिका काढल्या, एकाही पत्रिकेत नाही. फोटो तरी? आम्ही समितीच्या कपाटातले सगळे अल्बम पाहिले. दीपप्रज्वलनं पाहिली, फिती कापताना पाहिल्या, एका पुढाऱ्याचे बैलाला हार घालतानाचे नऊ फोटो पाहिले. रतिलालभाऊ एका फोटोत सापडले, तेही पूर्ण नाही. कोपऱ्यात दोरी धरलेलं एक कोपर होतं. "हाई मना हात शे," ते म्हणाले, पण पैज लावण्याइतकी खात्री त्यांनाही नव्हती.

मग फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात एक कलम सापडलं. 'अनुभव सभासद'. ज्यांच्याकडे कागद नाहीत पण दहा वर्षांहून जास्त काम आहे, त्यांनी संघाच्या पहिल्या सभेला स्वतः हजर राहावं. नाव पुकारलं की उठून उभं राहावं. जमलेल्या व्यवस्थापकांनी हात वर केले, की झाला सभासद. ही सोय फक्त पहिल्या सभेपुरती. नंतर पदविका लागणार होती, आणि बारावीला अडकलेल्या माणसाला साठाव्या वर्षी पदविका कोण देणार? म्हणजे काम एवढंच होतं, जायचं आणि उभं राहायचं. मला हायसं वाटलं. इतकं सोपं काम त्यांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

सभा मार्चमधल्या एका रविवारी धुळ्याला होती, एका मंगल कार्यालयात. सूत्रसंचालनाला मलाच बोलावलं होतं. आम्ही तिघं एसटीने निघालो. मी, रतिलालभाऊ आणि त्यांच्या बायको लताबाई, म्हणजे माझ्या लतावहिनी. वहिनींची बहीण धुळ्याला असते. पण मला वाटतं, बहीण हे निमित्त होतं. पारोळ्यापासून पुढे त्या एकच गोष्ट सांगत होत्या.

"आज कोठे हात लावू नका. खुर्ची वाकडी ऱ्हायनी तं ऱ्हाऊ द्या. नाव पुकारं का फक्त उभं ऱ्हावानं. आज तुम्ही पाहुणा शेत."

"हां," ते म्हणाले.

"पाहुणा काय करस?"

रतिलालभाऊंनी उठून पुढच्या बाकावरची कलंडलेली पिशवी सरळ ठेवली.

मंगल कार्यालयात पोहोचलो तर तिथे एक वेगळाच प्रकार. नंदुरबारपासून नगरपर्यंतचे साठ व्यवस्थापक आले होते आणि त्यातला एकही बसला नव्हता. एक जण फाटकाशी गाड्या लावून घेत होता. तिघे फलक सरळ करत होते, तिघांच्या मते सरळ वेगवेगळ्या ठिकाणी होतं. पाण्याचे जार एकाने डावीकडे नेऊन ठेवले, दुसऱ्याने ते उजवीकडे आणले, पहिला परत आला तर जार नाहीत म्हणून तो आणखी जार शोधायला गेला. मंगल कार्यालयाचा मॅनेजर भिंतीला टेकून उभा होता, त्याच्याकडे करायला काही उरलंच नव्हतं. आणि स्टेजवर संघाचे अध्यक्ष, भूपेंद्र सर, साठ रिकाम्या खुर्च्यांसमोर बसले होते. ते बाहेरच्या शहरातले, मोठ्या कंपन्यांची प्रदर्शनं भरवणारे, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, लोक कधी येणार आहेत?"

"आलेत सर," मी म्हटलं. "हेच आहेत ते."

अर्धा तास गेला. माइकवर चार वेळा विनंती केली, तेव्हा एकेक जण बसला. रतिलालभाऊ सगळ्यात मागच्या रांगेत, दाराशेजारी बसले. गुडघ्यांवर हात, पाठ ताठ. मी स्टेजवरून त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यांनीही हलवली. वहिनी बहिणीकडे निघून गेल्या होत्या.

नावं पुकारायला सुरुवात झाली. भूपेंद्र सरांनी माझ्या हातात नियमांचा कागद दिला. नाव पुकारावं. न उठल्यास पुन्हा पुकारावं. तिसऱ्यांदा पुकारूनही न उठल्यास गैरहजर समजून वगळावं. मी वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. अ पासून सुरू केलं. नाव घेतलं की माणूस उठायचा, हात वर व्हायचे, टाळ्या. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बैलांचं आणि शेतीचं प्रदर्शन भरवणारे छगनआबा तर नाव अर्धं घेतल्यावरच उभे राहिले. सगळं झपाझप चाललं होतं. मग र आला.

"रतिलालभाऊ," मी म्हटलं. पूर्ण नाव कागदावर होतं, पण माझ्या तोंडात सोळा वर्षं हेच बसलंय.

ते उठले नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिलं.

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. "रतिलालभाऊ!"

आता ते उठले. माझा जीव भांड्यात पडला. पण उठले ते माझ्याकडे पाठ करून. दारात जाऊन उभे राहिले आणि बाहेर कोण आलंय ते बघू लागले. मला काही उमगेना. अहो इकडे, माझ्याकडे बघा, असं मनातल्या मनात म्हणत मी थोडी थांबले आणि तिसऱ्यांदा, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून पुकारलं.

रतिलालभाऊ धावत सुटले. आणि त्यांच्यामागे सगळं सभागृह उठलं. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही, साठ माणसं शिस्तीत उठली आणि दोन दारांनी बाहेर पडली. चौघे स्वयंपाकघराकडे गेले. काही जण पाण्याच्या टाकीकडे, काही मागच्या फाटकाकडे. छगनआबांनी जाता जाता स्टेजजवळच्या खिडक्या उघडल्या. मिनिटभरात सभागृहात मी, भूपेंद्र सर आणि हार घेऊन बसलेली एक मुलगी एवढेच उरलो.

"हे काय झालं?" सरांनी विचारलं.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि मला तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

आमच्या खान्देशातल्या प्रदर्शनांत एक रीत आहे. फार वर्षांपूर्वी एका ठिकाणी वायर जळून मंडपाने पेट घेतला, तेव्हा माइकवरच्या माणसाने 'आग लागली' असं सांगून टाकलं. आग वीतभर होती, पण पळापळीत एका म्हातारीचा हात मोडला. तेव्हापासून रतिलालभाऊंनी ठरवलं, की माइकवर आग, शॉर्टसर्किट, गॅस असले शब्द काढायचेच नाहीत. व्यवस्थापकाचं नुसतं नाव घ्यायचं. एकदा घेतलं तर कुणी भेटायला आलंय. दोनदा घेतलं तर लवकर बघा. आणि थांबून थांबून तीनदा घेतलं, तर धोका आहे, जो तो आपल्या जागी. लोकांना वाटतं कुणाला तरी हाक मारतायत, ते निवांत वेफर्स खात राहतात आणि माणसं कामाला लागतात. ही रीत जळगावातून धुळ्याला गेली, चोपड्याला गेली, हळूहळू सगळीकडे पसरली. रतिलालभाऊंनी ती मला पहिल्या वर्षी स्वतः शिकवली होती. सोळा वर्षांत तीनदा नाव घ्यायची वेळ माझ्यावर दोनच वेळा आली, आणि दोन्ही वेळा मी ते चोख घेतलं होतं. बाकीच्या व्यवस्थापकांना माझा आवाज परका, ते पहिल्या हाकेला उठून उभे राहिले. पण या माणसाने माझ्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं, की सोळा वर्षं एकच अर्थ घेतला होता.

हे सगळं मी सरांना माइकवरून सांगायला लागले, तोच माइक बंद पडला. पंखेही बंद पडले. रतिलालभाऊंनी मेन स्विच खाली ओढला होता.

बाहेर अंगणात तर आणखी गोंधळ. साठ व्यवस्थापक एकमेकांना विचारत होते, कुठे आहे, काय आहे? प्रत्येक जण आपल्या जागी उभा होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, लागलंय ते दुसऱ्याच्या जागेवर. गॅसच्या टाक्या बाहेर ओळीने मांडलेल्या होत्या आणि शेवभाजीचा आचारी झारा हातात घेऊन शिव्या देत होता. पंधरा मिनिटांनी रतिलालभाऊ सगळ्या मजल्यांवर फिरून, घामाने भिजून सभागृहात आले. स्टेजसमोर उभं राहून मला म्हणाले,

"ताई, बठ्ठं बराबर शे. कोठे काही नही. काय व्हयनं व्हतं?"

मी सांगितलं. तुमचं नाव सभासदत्वासाठी पुकारलं होतं, भाऊ. तुम्हाला फक्त उभं राहायचं होतं.

ते रुमालाने मान पुसत राहिले.

एव्हाना सगळे आत आले होते. भूपेंद्र सर अडचणीत सापडले होते, ते दिसत होतं. नियम त्यांनीच लिहिलेला, पहिलीच सभा, इतिवृत्तात तिसऱ्या पुकाऱ्यापुढे 'गैरहजर' लिहिलं गेलेलं. ते म्हणाले, एकासाठी नियम मोडला तर उद्या प्रत्येक जण येईल.

छगनआबा उसळले. "अहो साहेब, तो उठीसन पळना म्हनूनच तं तो व्यवस्थापक शे! बठी ऱ्हायता तर आम्हीच त्याले मत नही देतूत!"

"पण मग तुम्हीही गैरहजर होतात," सर म्हणाले. "मग हात कोणी वर करायचे?"

यावर सगळेच घोटाळ्यात पडले. कोणी म्हणे आम्ही आवारात होतो म्हणजे हजरच होतो. कोणी म्हणे मग आमचं झालेलं सभासदत्व तरी राहिलं का? दोघे-तिघे घाईघाईने आपलं नाव वहीत आहे का ते बघायला आले. मी भांडत होते, तेही काही मुद्द्याचं भांडत नव्हते, नुसती मोठ्याने बोलत होते. अजून पाच मिनिटं रेटलं असतं, तर सरांनी मान डोलावली असती असं मला आजही वाटतं. ते काही दगड नव्हते.

पण रतिलालभाऊ पुढे झाले. "ऱ्हाऊ द्या, आबा. सकायले आठ वाजता जो स्टॉलवर नही, त्यानी जागा मी दुसराले देस. कितला जन मना पाया पडनात, मी नही ऐकं. मंग मनासाठी येगळा नियम कसा?"

आणि ते मागे जाऊन दाराशेजारच्या त्या खुर्चीवर परत बसले. मला त्यांचा इतका राग आला, की मी उरलेली नावं कशी पुकारली ते मला आठवत नाही.

परतीच्या बसमध्ये वहिनींनी एकदाच विचारलं, "व्हयनं का?" ते म्हणाले, "नही व्हयनं." कसं नाही झालं, हे त्यांनाही सांगता आलं नाही आणि मलाही. पारोळा आलं आणि गेलं.

समितीने कंपनी आणली. मला मात्र पुन्हा बोलावलं. आवाज बदलायचं कोणाला सुचलं नसावं. जावं की नाही यावर मी आठ दिवस घालवले आणि शेवटी गेले. का गेले, याचं उत्तर अजून नाही. कंपनीची व्यवस्था चांगली होती, खोटं कशाला बोलू. येण्याजाण्याचे वेगळे रस्ते, रंगीत नकाशे, प्रत्येकाच्या कानाला वायर. मुक्ताईनगरच्या बायका मात्र पार टोकाला, आणि साडेपाचच्या बससाठी पाच वाजताच टोपल्या आवरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेजवरून मला रतिलालभाऊ दिसले. सोबत वहिनी, नवं लुगडं नेसून. बावीस वर्षांत नवऱ्यासोबत प्रदर्शन बघायला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. कार्यक्रमाला विश्रांती होती, मी धावत खाली उतरले. ते दोघं मधल्या रस्त्यावर उभे होते आणि भाऊ चारी बाजूंना बघत होते.

"आम्ही मांगला गेटवर गऊत," वहिनी सांगू लागल्या. "तठे एक पोऱ्या म्हने, काका, आथून एंट्री नही. मंग यासले पुढला गेट सापडेना. मी इचारत इचारत यासले आनं."

"बठ्ठं फिरई टाकं त्यासनी," भाऊ म्हणाले. तक्रार नव्हती, ते खरंच वाट चुकले होते. ज्या मैदानाचा प्रत्येक कोपरा त्यांच्या पायांनी मोजला होता, त्या मैदानावर ते बायकोच्या मागे मागे चालत होते. मी त्यांना चहाच्या स्टॉलवर नेलं. चहा हातात घेऊन ते बराच वेळ येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत राहिले.

"ताई, एक इचारू? लोके आठे इसन काय करतस?"

"म्हणजे?"

"म्हंजे पहिले कोठे जातस? काय दखतस? माले काही समजीच नही ऱ्हायनं."

वहिनी हसल्या. मला हसू आलं नाही. दहा महिने जे बोलायचं राहिलं होतं, ते एकदम बाहेर आलं.

"भाऊ, चूक माझी होती. तीनदा पुकारायला नको होतं. रीत मला माहीत होती. मी खाली येऊन तुमच्या खांद्याला हात लावायला हवा होता. तुमचं प्रदर्शन माझ्यामुळे गेलं."

ते हळूच म्हणाले, "माले मालूम व्हतं, ताई."

"काय माहीत होतं?"

"का नाव सभासदकीसाठीच पुकारी ऱ्हायन्यात. आख्खा रस्ता ही तेच तं सांगत व्हती. दुसरांदाव पुकारं, तव्हयच माले उमजनं."

मी कप खाली ठेवला. "मग पळालात कशाला? अहो, मग उभं राहायचं ना!"

त्यांचं त्यांनाच ते पहिल्यांदा सांगत असावेत, असं वाटलं.

"एक मन म्हने ऊठ, हात जोड. एक मन म्हने, पन खरंच काही व्हयेल ऱ्हायनं तर? वर साठ मानसं, खाले बारा गॅसन्या टाक्या. तुम्ही तिसरांदाव पुकारं आन् मंग मना पाय उभाच ऱ्हायनात नही."

वहिनींनी त्यांच्या हातातला रिकामा कप काढून घेतला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"आन् तुमनी चूक नही," भाऊ पुढे म्हणाले. "तुम्ही एकदम बराबर पुकारं. थांबी थांबी, बिलकूल घाबर नही आवाजमां. तसंच पुकारनं पडस."

त्यांनी ते मनापासून म्हटलं. चांगलं काम केलेल्या माणसाला शाबासकी द्यावी, तसं. मला रडू येत होतं आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावं इतका रागही येत होता. यातलं काय करावं ते न कळून मी तशीच उभी राहिले, तेवढ्यात कानाला वायर लावलेला एक जण येऊन मला म्हणाला की केळीच्या करप्यावरचं चर्चासत्र सुरू करायचं आहे, चला.